बसच्या तिकिटावरचं गुरुत्वाकर्षण

वाल्दिव्हिया, ११ जून

बेलिसारियो,

तुझा पत्ता नेल्दाने दिला. सरळ दिला असं नाही. आधी माझ्यासाठी मासा साफ केला, खवले माझ्या कोटावर उडवले आणि मग म्हणाली, "प्रोफे, सतरा वर्षं माझ्याकडून मासे नेताय, माझ्या भावाचं नाव एकदा काढलं नाहीत. आजच कसा उमाळा आला?" मी म्हटलं, कामाचं आहे. "कामाचंच असणार," ती म्हणाली, "तुम्हाला माणसांचं कधी काही असतं का?" मग ज्या कागदात मासा गुंडाळला त्याच्याच कोपऱ्यावर तिने पत्ता लिहिला. पाकिटाला वास येत असेल तर दोष तुझ्या बहिणीचा.

काम असं. ऑगस्टमध्ये मी निवृत्त होते आहे. वीस तारखेला समारंभ आहे, आणि संस्थेच्या दाराशी लाकडाची एक पाटी लागणार आहे. तिच्यावर सहा ग्रॅव्हिटॉनचं सूत्र कोरायचं ठरलंय, वर माझं नाव. सुतार बाउदिलियो काम करतोय. दहा ऑगस्टपर्यंत त्याला सूत्र स्वच्छ अक्षरात लिहून हवंय. एकदा छिन्नी चालली की मग खोडता येत नाही, असं त्याने मला तीनदा बजावलं.

सात वर्षं तू त्या सूत्रावर माझ्याबरोबर राबलास, म्हणून तुला कळवावं असं वाटलं. लेखावरून नाव तू स्वतःच काढून घेतलंस, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, तेव्हा त्यावर काही लिहीत नाही.

नदीवर धुकं आहे. मासळीबाजारामागे समुद्रसिंह फळ्यांवर पसरलेत आणि झोपेत कण्हताहेत. तुला ते आवाज आवडायचे. आचाओच्या बेटावर तू होड्या दुरुस्त करतोस असं नेल्दा म्हणाली. आपल्या दक्षिणेत जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी सांभाळ.

एर्मिंदा साल्दिविया

&nbsp;

२० जून

बेलिसारियो,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालपेटी मी दिवसातून दोनदा उघडते.

खोली आवरते आहे. सतरा वर्षांत उघडला नव्हता असा एक कप्पा आज उघडला. त्यात तुझी हिरवी वही निघाली, तुझा तुटका चष्मा, आणि वहीत खुणेसाठी ठेवलेलं बसचं तिकीट. कास्त्रो ते वाल्दिव्हिया, खिडकीजवळची जागा. आईला भेटून परत येतानाचं असणार. त्याचा नंबर चौदा आकड्यांचा आहे. मागे पेन्सिलीने तू एक भलामोठा अपूर्णांक लिहिलायस आणि त्याच्याखाली "प्रोफेंना दाखवणे".

ते बघून मी चुलीजवळच्या खुर्चीत बसले, आणि दुपारच्या उजेडात डोळा लागला की नाही ते मला सांगता येणार नाही. खोली तीच होती, फळा तोच होता, आणि सहा ग्रॅव्हिटॉन खिडकीतून आत आले. गुरुत्वाकर्षणाचे हे कण कुणी कधी पाहिलेले नाहीत, आपणही नाही, पण मला ते ओळखू आले. हलके, घाई नसलेले. एकमेकांजवळ आले, जरा थबकले, आणि वेगवेगळ्या दारांनी निघून गेले. खोलीला सहा दारं नाहीत, पण त्या वेळी होती. आयुष्यभर आपण एवढंच तर विचारत होतो, की हे सहाजण भेटले तर कुठल्या दाराने जाण्याचा संभव किती. लांबच्या रस्त्याने गेलं तर हजारो तुकड्यांची बेरीज करायची. आपल्याला तेच एका ओळीत हवं होतं.

तू फळ्यासमोर उभा राहून काय म्हणायचास आठवतं? "प्रोफे, आपल्या लोकांत लेखकांची नावं मुळाक्षरांच्या क्रमाने लावतात, हे फार बरं. मी आयापान, तुम्ही साल्दिविया. आईला वाटेल मीच साहेब." आणि मी म्हणायचे, "आधी सूत्र तर येऊ दे, मग आईला फसव."

तिकीट टेबलावर ठेवलंय. उगाच ठेवलंय.

एर्मिंदा

&nbsp;

३ जुलै

बेलिसारियो,

तुला राग येईल असं काही मी केलं आहे. तिकिटावरच्या संख्या मी सूत्रात घातल्या.

कशासाठी, ते विचारू नकोस. तुझं अक्षर बघून काहीतरी करावंसं वाटलं, आणि मला दुसरं काही करता येत नाही. तिकिटाच्या नंबराचे, वहीतल्या खुणेच्या पानावर तू पाडलेस तसेच, तुकडे पाडले आणि आपली ओळ हाताने सोडवली. एक दिवस लागला. उत्तर आलं ते तिकिटामागच्या तुझ्या अपूर्णांकाशी जुळेना.

मला आधी समाधानच वाटलं, हे कबूल करते. म्हटलं, बघा, मुलाने तेव्हाही हिशोबात घोळ घातला होता. तुझा सगळा कारभारच तसा. खिशात खडू, बाहीवर शाई, वजाबाकीत हातचा विसरलेला. चहा केला, पाव भाजला, लोणी लावलं. पाव तोंडात जाईना.

मग यंत्राला लांबच्या रस्त्याने जायला लावलं. सगळे तुकडे, एकही न गाळता, तुझ्याच संख्या घालून. तीन दिवस ते घरघरत होतं. मी जेवले, झोपले, नदीवर फेरी मारली, सगळं त्या घरघरीत बसूनच केल्यासारखं. काल सकाळी उत्तर आलं. तुझा अपूर्णांक, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

तुला तेव्हा यंत्र कुठलं मिळत होतं. बेचाळीस पानं तू हाताने लिहिली होतीस. हिरव्या वहीत ती सगळी आहेत. आज मी पहिल्यांदा वाचली.

एर्मिंदा

&nbsp;

१५ जुलै

बेलिसारियो,

चूक कुठे आहे ते समजलं. बसून ऐक, कारण ती तुलाही हसवेल, किंवा हसवणार नाही.

माझ्या "चांगल्या संख्या" आठवतात? निळ्या वहीच्या पहिल्या पानावरच्या. तरुणपणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी त्या निवडल्या होत्या, त्यांचे अपूर्णांक सुटसुटीत येतात म्हणून. माझ्या हाताखालचा प्रत्येक जण सूत्र तपासायचं झालं की त्याच संख्या घालायचा. संस्थेचा तो रिवाजच झाला. पोरं गमतीने म्हणायची, प्रोफेंच्या संख्या लागू पडल्या म्हणजे देवाने सही केली.

आता कळलं त्या एवढ्या सुटसुटीत का होत्या. त्यांच्यात सहाही ग्रॅव्हिटॉन एकाच प्रतलात चालतात. टेबलावर पसरल्यासारखे, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. आपल्या सूत्रात एक पद राहून गेलंय, आणि ते पद टेबलावर शून्य होतं. कुणीतरी टेबलावरून उठला तरच ते दिसतं. सतरा वर्षं मी जगाला तपासून दाखवलं, ते त्या टेबलावर.

तुझ्या बसच्या तिकिटाला मात्र टेबल माहीत नव्हतं.

दुसरी परीक्षाही सूत्र पास झालं होतं, तुझी लाडकी. एकाला इतका क्षीण होऊ द्यायचा की तो जवळजवळ नाहीच. तेव्हा सहांचं सूत्र पाचांचं व्हायला हवं, आणि गेलेल्याची आठवण म्हणून शेजारी एक गुणक उरायला हवा. तू म्हणायचास, "निघून जाणारा काही ना काही ठेवून जातो, प्रोफे, गणितसुद्धा तेच सांगतं." ती परीक्षा आपण सहाहीजणांवर केली होती, आणि सूत्र दर वेळी पास. कारण राहून गेलेलं पद, कुणीही एक जरी गेला तरी, मुकाट्याने शून्य होतं. सहाही हजर असताना मात्र ते असतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू स्वतः नाव काढून घेतलंस. लोकांनाही मी तेच सांगत आले, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. तू काढून घेतलं नव्हतंस. तू तीन आठवडे मागितले होतेस. दारात उभा होतास, ओला, आणि म्हणालास, "प्रोफे, सहावर जुळत नाही. तीन आठवडे द्या, मला काय राहिलंय ते सापडेल." पलीकडच्या देशातले लोक त्याच सूत्राच्या मागावर होते, मला भीती होती की ते आधी पोचतील. मी तीन दिवससुद्धा दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी चर्चासत्रात, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर, तू फळ्यावर तिकिटाच्या संख्या मांडायला लागलास, आणि मी म्हटलं, "बेलिसारियो, बसच्या तिकिटावर गुरुत्वाकर्षण चालत नाही." सगळे हसले. तू खडू कठड्यावर ठेवलास, हात पॅंटला पुसलेस आणि गेलास. त्याच संध्याकाळी मी लेखावरून तुझं नाव काढलं आणि तो पाठवून दिला. माझ्या हाताने काढलं, बेलिसारियो. मुळाक्षरांच्या क्रमात पहिलं होतं, म्हणून पुसायलाही तेच आधी आलं.

मला लाज वाटते. हा शब्द मी याआधी कधी लिहिलेला नाही.

ते पद मी शोधते आहे. मला मिळत नाही. बासष्ट वर्षांचं डोकं आहे, दुपारी चुलीजवळ बसलं की धुकं आत येतं. तुला माहीत असेल तर कळव. नसेल कळवायचं तर तेही बरोबरच आहे.

एर्मिंदा

&nbsp;

३० जुलै

बेलिसारियो,

आज बाउदिलियोकडे गेले होते. फळी तयार आहे, पिवळसर, हातावर घ्यावी अशी गुळगुळीत. त्याने विचारलं, "आणलंत?"

मी म्हटलं, "आणलंय, पण अपुरं आहे."

"म्हणजे अजून लांब आहे? बाई, फळी वाढत नाही."

"एक पद राहिलंय. चूक आहे माझी."

त्याने पेन्सिल कानामागे खोचली. "कुणाला कळणार आहे? मला तर ही सगळी अक्षरं कोंबडीच्या पायांसारखीच दिसतात. संचालक आले होते, त्यांनाही तशीच दिसत असावीत. ते म्हणाले, सुंदर."

खरंच कुणाला कळणार नाही. मी एकटीच जिवंत माणूस आहे जिला हे माहीत आहे, तू सोडून. आणि तू सतरा वर्षं गप्प राहिलास. समारंभ होईल, केक कापतील, पाटी दाराशी लागेल आणि माझ्या मागे पन्नास वर्षं राहील. खोटं सांगत नाही, नदीकाठाने परत येताना मी अर्धा रस्ता या विचाराबरोबर मजेत चालले. समुद्रसिंह झोपले होते. मोजले, सहा होते, फळीवर ओळीने, सपाट. माझ्याकडे बघून एकाने नुसती मान उचलली, आणि मला घरी जाऊन बसता आलं नाही.

मी परत बाउदिलियोकडे गेले. सांगितलं, आहे तेवढं कोर, शेवटी अधिकचं चिन्ह काढ आणि पुढे वीतभर फळी मोकळी सोड.

"मोकळी?" तो म्हणाला. "लोक म्हणतील सुतार पैसे घेऊन पळाला."

"मी सांगेन लोकांना."

नेल्दाला पण सांगितलं, सगळं, मासे निवडता निवडता. तिने हातातला मासा साफ करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्या वर्षी आईला तो म्हणाला, मी हिशोबात चुकलो, म्हणून आलो. आई जाईपर्यंत तेच समजून होती, प्रोफे. की तिचा मुलगा हिशोबात कच्चा." आणि तिने मासा नेहमीपेक्षा घट्ट गुंडाळला, मला दिला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिने ते मुद्दाम सांगितलं. बरं केलं.

वीस तारखेला सकाळी अकराला समारंभ आहे. तुला बोलावते असं नाही. तारीख कळवते.

एर्मिंदा

&nbsp;

२३ ऑगस्ट

बेलिसारियो,

तू शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून होतास. आधी मला वाटलं, माझं दुपारचं स्वप्न सकाळीच सुरू झालं. दाढी पांढरी, कोट होडीवरचा, हातात टोपी. मी तेव्हा बोलायला उभी होते आणि संचालकांनी नुकतंच माझं कौतुक संपवलं होतं. मग पाटीवरचं कापड निघालं आणि लोक टाळ्या वाजवता वाजवता थांबले, कारण ओळ अधिकच्या चिन्हावर येऊन थांबत होती.

मी काय बोलले ते तू ऐकलंस. तरी लिहिते, माझ्या अक्षरात तुझ्याकडे राहावं म्हणून. मी म्हणाले, "हे सूत्र चूक आहे. ते चूक आहे हे बेलिसारियो आयापान यांनी सतरा वर्षांपूर्वी याच खोलीत दाखवलं, बसच्या तिकिटावरच्या संख्या घेऊन. त्यांचं गणित बरोबर होतं. मी त्यांना हसले, तुम्ही माझ्यामागोमाग हसलात, आणि मी त्यांचं नाव काढून टाकलं. मोकळी जागा त्यांची आहे." संचालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मी बघितला नाही. मी भिंतीकडे बघत होते, आणि तू टोपी फिरवत होतास.

मग माणसं मध्ये आली. कुणी हात धरला, कुणी केकची बशी दिली. एका जुन्या विद्यार्थ्याने तर मला धीर दिला, की प्रोफे, वयामुळे असं वाटतं. मी भिंतीपर्यंत पोचले तोवर तिथे फक्त ओलं होतं, तुझ्या बुटांचं.

सगळे गेल्यावर दार लावायला आले तेव्हा दिसलं. वीतभर मोकळ्या फळीवर पेन्सिलीने, त्याच तिरप्या अक्षरात, एक पद. लहान. इतकं लहान की मला रडू आलं. सतरा वर्षं ते तुझ्याकडे होतं आणि मी डोंगर शोधत होते. आणि चौकटीत खोचलेलं तिकीट, आचाओ ते वाल्दिव्हिया, एकोणीस तारखेचं.

नेल्दाने सांगितलं की तू दुपारच्याच बसने परत गेलास. तिने तुला विचारलं म्हणे, की प्रोफेंशी बोलत का नाहीस. तू म्हणालास, "बोलायला गेलो असतो तर त्यांनी मला आधी खुर्चीत बसवून आकडे तपासायला लावले असते. त्यापेक्षा त्यांनाच तपासू दे." सांगताना ती हसत होती, आणि मासा तिने सैल गुंडाळला.

तपासले. नव्या तिकिटाचा नंबर तसा कुरूपच आहे, शाबास. यंत्र तीन दिवस चाललं, आज सकाळी थांबलं. सहाही हजर असताना, टेबलावरून उठलेले असताना, जुळतं. शेवटच्या आकड्यापर्यंत.

एक विचारायचं राहिलं. बाउदिलियो म्हणतो, पाटी दाराबाहेर ओलाव्यात राहणार, तिला होडीला लावतात ते तेल लागेल, आणि ते कुठलं, किती, त्याला कळत नाही. तुला कळतं. घेऊन ये, किंवा पाठव. घेऊन ये.

संध्याकाळी तो तुझं पद कोरायला आला. छिन्नी घेऊन विचारलं, "वर एकट्या साल्दिवियाचं नाव आहे. आता काय करू?" मी त्याला सांगितलं की आपल्या लोकांत मानाचं, वयाचं, हुद्द्याचं काही बघत नाहीत, नावं मुळाक्षरांच्या क्रमाने लावतात. त्याने जुनं नाव रंधून काढलं, भुसा फुंकला, आणि नव्याने पेन्सिलीने आखून घेतलं. आयापान, मग साल्दिविया. तुझं नाव पहिलं मी लावलं नाही, बेलिसारियो. ते तिथेच होतं. मी फक्त या खेपेला हात लावला नाही.

एर्मिंदा